हाड

दर मंगळवारी मी रोमनांकडे भांड्याला जाते.
पगार नाही. चहा मिळतो.
कॉर्ब्रिजची शेड, पत्र्यावर वारा,
तीन टब, जुने टूथब्रश, पाणी इतकं गार
की बोटं आपलीच ना, मोजून बघावीत.
एकतीस वर्षं हेक्समच्या वॉर्डात माणसं पुसली;
आता ही खरकटी,
अठराशे वर्षं विसळायची राहिलेली.

ही लाल थाळी. समुद्रापलीकडून आली, रोवेना सांगते.
बुडाशी कुणीतरी खिळ्याने नाव कोरलंय,
पुरतं नाही, तीनच अक्षरं उरलीत.
आमच्याकडेही घालतात भांड्यावर नाव,
शेजारी गेलेली वाटी परत यावी म्हणून.
ही आली परत.
शेजारीण कुठाय?

सुरईच्या कानाखाली कुंभाराचा अंगठा रुतलेला.
माझा त्यात बसतो. जरा सैल.

काल खड्ड्यात काळी माती लागली,
इतकी वर्षं वारं न लागलेली, म्हणजे अजून ताजी.
सगळे एकदम मागे सरले, नाकाला बाही.
मी तिथेच उभी.
माझा वास दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेला तो गेलाच;
फोडणी करपली की मला छतावरचा गजर सांगतो.
"सांग ना," फर्गसला म्हटलं, "कसा येतोय?"
एकोणीस वर्षांचं पोर. त्याने डोळे मिटले.
"तबेला... ओलं चामडं...
आजोबांचं गॅरेज.
आणि कुणीतरी खूप दिवस एकाच कोपऱ्यात मुतलंय."
मग घाईघाईने सॉरी म्हणाला.
अरे, मी नर्स होते, म्हटलं.

रात्री बसून जुळवत राहिले.
तबेला आठवेना. गॅरेज तर कधी हुंगलंच नव्हतं.
चामड्याचा तेवढा सापडला:
अण्णांच्या घड्याळाचा पट्टा, घामेजलेला,
अंघोळीआधी माझ्या हातात द्यायचे तो.
त्या एका पट्ट्यावर मी
चारशे शिपायांची छावणी वसवली,
आणि मग झोप लागली.

चव आली ती चुकून.
पांढरट तुकडा होता, दगड की हाड कळेना.
जिभेला लाव, रोवेना म्हणाली.
दगड सुटतो. हाड चिकटतं.
मी लहानपणी चातुर्मासात कांदा न खाल्लेली मुलगी.
लावला.
चिकटला.
चव अशी काही नाही, खडूची असते तेवढीच,
पण ओढ होती,
नुकतं जन्मलेलं मूल बोट धरतं तशी.
मेंढीची बरगडी निघाली.
कुणीतरी जेवणानंतर चोखून टाकलेली.
त्याच्यानंतर थेट मी.

आवाज मात्र मातीत टिकत नाही.
कढई टिकते, कढईतलं चुरचुरणं नाही.
चपलेचा खिळा टिकतो,
अंगणातून कोण आलं ते नाही.
मी हे मनाशी मिटवूनच टाकलं होतं,
तर आज ही वीट आली, पाटाएवढी,
आणि तिच्यावर कुत्र्याचे पंजे.
तीन अगदी निवांत,
चौथा खोल, घसरलेला.
म्हणजे विटा वाळत घातलेल्या,
हे आपलं मजेत त्यांच्यावरून निघालेलं,
आणि कुणीतरी ओरडलं.

लॅटिनमध्ये?
की इथल्याच एखाद्या बोलीत, जी कुणी लिहून ठेवली नाही?
की छातीतून निघतो तो नुसता हवेचा फटका,
जो कुत्र्यांना कुठेही कळतो?

चौथ्या पंजात ब्रश घातला, माती सोडवली,
आणि आजूबाजूला कुणी नाहीसं बघून
हळूच म्हटलं,
"हाड!"

कुत्रं हललं नाही.
पलीकडच्या टबावरून फर्गसने मान वर केली.
"काय म्हणालात?"
जरा विचार केला.
"बोन," म्हटलं.
"कुठाय?" म्हणाला,
आणि त्याने ओला हात पुढे केला.